हवापालट

सोमवार

सकाळी तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलो. आंब्याच्या दोन पेट्या, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, एक फणस, सगळं टॅक्सीत कोंबून घरी आलो. आंघोळीआधी मी वजनकाट्यावर उभी राहिले. ६६.२. मालवणला निघायच्या सकाळी ६३.८ होतं. नऊ दिवसांत २.४ किलो.

सहज म्हणून आईलाही उभं केलं. ४९.८. निघताना ती ५१.६ होती. काट्याखाली पायपुसण्याची कड आलीय का ते वाकून पाहिलं, काटा सपाट फरशीवर सरकवला, तिला पुन्हा चढवलं. आकडा तोच.

नऊ दिवस एकाच घरात राहिलो, एकाच पंगतीला बसलो. मी वाढले आणि ती घटली. माझ्या वाढण्याचं एवढं काही वाटलं नाही. तिच्या आकड्याने मात्र दिवसभर पाठ सोडली नाही.

लहानपणी गावी जायच्या आदल्या संध्याकाळी बाबा आम्हा भावंडांना मुद्दाम दादर स्टेशनावर घेऊन जायचे. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. आम्ही एसटीने जायचो. स्टेशनावर जायचं ते फक्त वजनाच्या यंत्रासाठी. लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, आतलं चक्र फिरायचं, नाणं टाकलं की खट्‌ करून जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. त्यावर वजन आणि भविष्याची एक ओळ. सुट्टी संपवून आलो की पुन्हा तिथेच. आकडा वाढलेला दिसला की बाबांचा चेहरा खुलायचा. “गावचं अन्न अंगी लागलं,” म्हणायचे. ती तिकिटं त्यांनी बिस्किटांच्या एका डब्यात जपून ठेवली होती. हवापालट म्हणजे तब्येत सुधारून येणं, आणि तब्येत सुधारणं म्हणजे वजन वाढणं, असा तो काळ होता. माझ्या पिढीने हा अर्थ उलटा केला. सुट्टीवरून आलेली प्रत्येक मैत्रीण आधी किती वाढलं ते सांगते, मग कुठे गेली होती ते.

मंगळवार

६५.६. एका रात्रीत ६०० ग्रॅम गेले. चरबी अशी रातोरात जात नाही.

दुपारी वहीत हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. २.४ किलो सगळी चरबीच असती, तर मला नऊ दिवसांत गरजेपेक्षा साडेअठरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या, म्हणजे दिवसाला दोन हजारांहून अधिक. कोंबडी-वडे झाले, सकाळी घावणे झाले, सुरमईची तळलेली तुकडी रोज झाली, आंब्यांना तर मोजमापच नव्हतं. तरी तेवढं माझ्या पोटात गेलेलं नाही.

मग काय वाढलं? बरंचसं पाणी. भात, वडे, आंबे यांतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात मीठ. सुकट, पापड, लोणचं, वरून मीठ घातलेली सोलकढी. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तो आम्ही दुपारच्या जेवणातच ओलांडत असू. जास्तीचं मीठ पाणी अडवून ठेवतं. गाडीतून उतरले तेव्हा अंगठी बोटातून निघत नव्हती आणि घोट्याशी बोट दाबलं तर खळगा पडत होता, त्याचं कारण हेच, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसणं. शिवाय प्रवासात पोट धड साफ झालं नव्हतं. तेही काट्यावर मोजलं जातं.

हे कळल्यावर मी स्वतःपुरती निश्चिंत झाले. उपास नाही, काही नाही. वरणभात, भाजी, ताक, आणि संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती दोन फेऱ्या.

पण हाच हिशेब आईला लावला तेव्हा धस्स झालं. तिचीही पावणेदोन किलो चरबी नऊ दिवसांत जळणं शक्य नाही. तिचं पाणीच गेलं होतं.

रात्री तिच्याजवळ बसून विचारलं. आधी काहीच बोलेना. मग हळूहळू कळलं. गावच्या घरी संडास मागच्या परसात, माडांच्या पलीकडे. वाटेवर दिवा नाही, उतरायला तीन दगडी पायऱ्या. दिवेलागणीनंतर ती पाण्याचा घोटही घेत नव्हती, म्हणजे रात्री उठावं लागू नये. येताना गाडीचा दिवस उजाडला, तर दुपारपासूनच पाणी बंद. चालत्या गाडीत त्या संडासात तोल जाईल ही भीती. “मग मला उठवायचंस ना!” मी म्हटलं. ती म्हणाली, “रात्रीचा कोणाक उठवू गो?” माहेरच्या गावात नऊ दिवस राहिल्यावर तिच्या जिभेवर मालवणी परत येते. एरवी ऐकून मला किती बरं वाटतं. आज ते वाक्य ऐकवलं नाही.

मी तिच्या शेजारच्याच खाटेवर झोपत होते. जेवताना ती भात कमी घेतेय हे दिसत होतं, आणि उकाड्याने भूक मेली असेल म्हणून मी पुढच्या वड्याकडे वळत होते.

बुधवार

सकाळी उठून उभी राहताना तिला गरगरलं. थेट गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आडवं झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब घेतला. उभ्याने बराच खाली गेला. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, म्हणाले, आणि तिच्या बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी बाहेर काढणारं औषध आहे. त्यात मे महिन्याचा घाम. रक्त तपासायला दिलं, गोळी किती आणि कधी घ्यायची ते लिहून दिलं, मनाने बंद करायची नाही असं बजावलं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवून दिवसभरात घोट-घोट द्यायची.

माझ्या वाढलेल्या वजनाबद्दलही विचारलं. तरुण-निरोगी माणसाचं सुट्टीतलं पाणी उतरतं, काळजी नको, पण हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचं दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, धाप लागली, तर थांबायचं नाही, म्हणाले. शेजारच्या काकांना हे आज सांगून आले. त्यांची बायपास झालीय आणि पुढच्या आठवड्यात ते लेकीकडे निघालेत.

गुरुवार

६४.९. आई ५०.६. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. संध्याकाळी तिने स्वतःहून आंबा मागितला.

शनिवार

मी ६४.५. आई ५१.२, गरगरणं नाही. दोघींचंही सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी.

माझे उरलेले ७०० ग्रॅम बहुतेक खरे आहेत. दिवसाला सहाशे कॅलरी जास्त, हे पटण्यासारखं आहे. ते उतरायला महिना-दीड महिना लागेल. लागू दे. ते आंबे मी मनापासून खाल्ले.

दुपारी मामेभावाला फोन केला. गणपतीला यायचंय, त्याआधी परसातल्या वाटेवर एक दिवा आणि पायऱ्यांना धरायला पाइप बसवशील का, खर्च मी देते. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, त्याची आईसुद्धा रात्री पाणी पीत नाही, त्याला वाटायचं तिला सवयच नाही. उद्याच वायरमनला बोलावतो म्हणाला.

आई शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर तिने तांब्या पुढे ओढला आणि फुलपात्र भरून घेतलं.