पितळेत कोरलेलं 'कोल्हापूर'

चामड्यावर ठोकायचे इंग्रजी अक्षरांचे ठसे तयार मिळतात. सव्वीस अक्षरं, दहा आकडे, डबीत एक दांडा. एकेक अक्षर उचलायचं, ठोकायचं, नाव तयार. देवनागरीचं तसं होत नाही. अक्षरं सुटी ठोकली की शिरोरेषा जागोजाग तुटते, नाहीतर एक अक्षर वर आणि दुसरं खाली बसतं. मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, आणि जोडाक्षरांना तर अंतच नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी हाताने पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, कोरले, तेव्हा त्यांना हे सगळं छपाईच्या सुट्या खिळ्यांत बसवायचं होतं. त्यांचं काम आठवलं की माझा हात आपोआप जपून चालतो. मला मात्र पुस्तक छापायचं नाही. एका माणसाचं नाव त्यानं बनवलेल्या चपलेवर उमटवायचंय. त्यासाठी अख्खं नाव एकसंध कोरता येतं, आणि तेवढ्याला घरातल्या टेबलावरचं छोटं मिलिंग मशीन पुरतं.

मी दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाच्या पॅटर्नची, म्हणजे ज्यांच्यावरून वाळूत साचा घेतात त्या नमुन्यांची, ड्रॉइंग करते. संध्याकाळी घरी माझं मशीन चालतं. ३०१८ म्हणतात त्याला, कारण ते ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत फिरतं. ॲल्युमिनियमचे रूळ, छोटी मोटर. कारखान्यातल्या मशीनसारखा जोर त्याच्यात नाही, म्हणून पितळेत एका फेरीला दशांश एक मिलिमीटरपेक्षा खोल मी जात नाही. घाई केली की मशीन थरथरतं आणि अक्षराच्या कडेला लाटा उठतात. सावकाश चाललं की तेच मशीन आरशासारखी कड देतं.

नवा फाँट किंवा नवा कटर आला की मी आधी 'कोल्हापूर' हाच शब्द कोरते. परीक्षेला यापेक्षा चांगला शब्द मला सापडलेला नाही. 'को'ची मात्रा वर, 'पू'चा उकार खाली, मध्ये 'ल्हा'सारखं दाटीचं जोडाक्षर. साधारण ४० मिलिमीटर रुंदीत हा शब्द बसवला की अर्धा ल आणि ह यांच्यात जेमतेम पाऊण मिलिमीटर जागा उरते. सरळ कटर तिथे घालायचा तर तो अर्ध्या मिलिमीटरचा लागतो, आणि इतका बारीक कटर जरा दाब पडला की मोडतो. म्हणून तिथे व्ही बिट, म्हणजे टोकाकडे निमुळता होत जाणारा कटर. तीस अंशांचा, टोकाला दशांश एक मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरच्या फटीत तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास खाली जातो, आणि चामड्याला तेवढं पुरतं. अक्षरांबाहेरची मोकळी जागा मग दोन मिलिमीटरच्या कटरने खोल काढायची. ती उथळ राहिली तर ठशाचा तळ चामड्याला टेकतो आणि नावाभोवती नको असलेला चौकोन उठतो.

व्ही बिटचा दुसरा फायदा मला पॅटर्न शॉपमुळे लगेच कळला. वाळूतून पॅटर्न साफ निघावा म्हणून आम्ही त्याच्या भिंतींना ड्राफ्ट देतो, थोडा तिरपेपणा. ठशालाही तो हवाच. अक्षराची भिंत उभी आणि कड धारदार असेल तर ओलं चामडं कापलं जातं. भिंत तिरकी असेल तर ते दबतं, आणि ठसा सहज सुटतो. शिवाय वर बारीक दिसणारी रेघ पायाशी रुंद होत जाते, त्यामुळे एकट्या पडलेल्या अनुस्वाराला बळ मिळतं.

फाँट निवडताना माझा हात बहुतेकदा 'मुक्त'कडे जातो. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाने केलेला हा फाँट सर्वांना मोफत खुला आहे. त्याच्या रेघांची जाडी फारशी बदलत नाही, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा बसतो. बोरूच्या वळणाचे फाँट कागदावर मला फार आवडतात, पण त्यांच्या बारीक रेघा चामड्यात घुसतात आणि जाड रेघा नीट उठतच नाहीत. ड्रॉइंग झाल्यावर ते आरशातल्यासारखं उलटं करायचं. कोरून झालं की ठसा शाईच्या पॅडवर टेकवून आधी कागदावर उमटवते. कागदावर सुलट वाचता आलं की मगच चामडं.

पितळच का, असं पुष्कळजण विचारतात. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून पूर्वी काळी शाई करायचे, ती जुन्या लोकांना आठवत असेल. तीच क्रिया इथे होते: असल्या ओल्या चामड्याला उघडं लोखंड लागलं की निळसर काळा डाग पडतो, आणि तो धुऊन जात नाही. पितळेचा तसा डाग पडत नाही. एखाद्या ठशाची नुसती चाचणी घ्यायची असेल तर डेलरिन हे कडक प्लॅस्टिकही चालतं, ते लोण्यासारखं कापलं जातं. पण त्याला उष्णता सोसत नाही.

चामड्याकडेही तितकंच लक्ष द्यावं लागतं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं चामडं दाबलं तरी पुन्हा फुगतं, नाव पुसट होतं. सालीत कमावलेलं चामडं आकार धरतं, पण ओलावा नेमका हवा. पाणी लावून ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते. मग उघडून वाट बघायची. रंग सुक्यासारखा दिसू लागला पाहिजे, आणि गालाला लावलं तर गार वाटलं पाहिजे. ती वेळ. फार ओलं असेल तर कडा पाणचट येतात, फार सुकं असेल तर नुसता ओरखडा. टेबलावरच्या हाताच्या प्रेसमध्ये ठसा दाबून क्षणभर तसाच धरायचा. हातोडीच्या दोन ठोक्यांत ठसा हलला तर शिरोरेषा दोनदा उमटते, म्हणून नावासाठी मला प्रेसच बरी वाटते.

हे ठसे मी करते ते सुभाषनगरच्या एका मामांसाठी. ते पिढीजात चपला बनवतात. पहिला ठसा दाखवला तेव्हा त्यांनी चामडं कापायची रापी बाजूला ठेवली, चष्मा वर करून अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, कड अजून जरा मोडा. चामडं दुखतंय हिला." मी हजार नंबरच्या पॉलिश पेपरने कड मारली. आता त्यांचा शब्द आल्याशिवाय ठसा पुरा झाला असं मी मानत नाही.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि मोठा गदारोळ झाला, तेव्हा सगळे 'कोल्हापुरी'विषयी बोलत होते. मानांकन हवंच, ते प्रदेशाचा हक्क राखतं. पण जोड हातात घेतल्यावर तो कुणी शिवला हे बहुतेकदा त्यावर लिहिलेलं नसतं. चित्रावर चित्रकाराची सही असते. चपलेवरही असावी, आणि ती त्याच्याच लिपीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

मामांना मी विचारलं, नाव कसं घालायचं? ते म्हणाले, "माझं एकट्याचं नको. चपलेवरची वेणी तिची असती." म्हणून नव्या ठशात दोन ओळी आहेत. वर मामींचं नाव, खाली त्यांचं. टाचेवर बसवायचा म्हणजे रुंदी ३५ मिलिमीटरच्या आत हवी. मामींच्या नावात उकार आहे आणि मामांच्या नावात वेलांटी, दोन्ही नेमके एकाखाली एक येतात. वरची ओळ थोडी डावीकडे सरकवली तर व्ही बिटला मधून जायला जागा होते. सध्या तेच ड्रॉइंग चालू आहे.