डिस्क रिकामी, तरी जागा नाही

"कॉम्प्युटर आत घेईना गं. पासवर्ड बरोबर टाकतो, एक झटका काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो." अण्णांचा फोन आला तेव्हा मी नाशिकला आडगाव नाक्यावर भाजी घेत होते.

सप्टेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. मोहाडीला आमचा द्राक्षाचा पहिला प्लॉट छाटून झालेला, परतीचा पाऊस डोक्यावर. बागेत एक छोटं यंत्र बसवलंय. तापमान, आर्द्रता आणि पान ओलं आहे का, एवढं ते सांगतं. मळ्यातल्या घरातला जुना डेस्कटॉप दर मिनिटाला त्याच्याकडून आकडे आणून एका फाईलच्या शेवटी चिकटवतो. पान किती तास ओलं राहिलं ते पाहूनच अण्णा डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची, फवारणी ठरवतात. त्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू (लिनक्स) टाकलं ते मीच, जानेवारी २०२३ मध्ये. उबुंटूला २० जीबी दिले, बाकी डिस्क विंडोजला ठेवली.

संध्याकाळी गाडी काढली, ओझर-जानोरीमार्गे मळ्यात पोचले. लॉगिनचा असा गरगरा मी आधी एकदा पाहिला होता. तेव्हा घराच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाईलची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याकडे, गेली होती. म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या काळ्या पडद्यावर गेले. तिथे लॉगिन मुकाट्याने झालं. मालकी तपासली, बरोबर होती. मग संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. तो पुन्हा बसवायला गेले तर उत्तर आलं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी आज्ञा, डीएफ डॅश एच, मारली. २० पैकी जवळजवळ ८ जीबी मोकळे! ext४, म्हणजे डिस्कवर फायली मांडणारी फाईलसिस्टीम, रूटसाठी ५ टक्के राखून ठेवते, पण ते झाले १ जीबी. बाकीचे ७ कुठे गेले? आणि गंमत म्हणजे बागेच्या नोंदींची फाईल तर वाढतच होती, मिनिटाला एक ओळ. सिस्टीमच्या लॉगमध्ये क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, एक ओळ दर मिनिटाला दिसत होती: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. टपाल पाठवणारा प्रोग्रॅम नाही म्हणून कुरकुरतोय, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून मी पुढे सरकले. खरं तर दोन्ही पुरावे तिथंच डोळ्यासमोर पडले होते.

शेवटी नेहमीचा उपाय केला. प्रोग्रॅम बसवणाऱ्या ॲप्ट-गेटने साठवलेली जुनी पॅकेजं क्लीन करून टाकली, असतील अडीचशे-तीनशे फायली. लॉगिन झालं. मी खूश. आईच्या हातची बाजरीची भाकरी खाऊन रात्री परत.

पहाटे सहाला पुन्हा फोन. तेच.

या वेळी जाणं शक्य नव्हतं, ऑफिस होतं. मळ्यातला राउटर सिमकार्डावर चालतो, बाहेरून आत शिरायला वाट नाही. म्हणजे अण्णांचे हात आणि माझी जीभ. आंघोळ करताना मात्र डोक्यात पडलं होतं: जागा संपली म्हणतंय आणि जुनी फाईल तर वाढतेय. मग संपलंय ते नवीन फाईल तयार करण्याचं काहीतरी.

"अण्णा, डी, एफ, मग जागा सोडा, मग वजाबाकीचं चिन्ह, त्याला चिकटून आय."

"आय मोठा की छोटा?"

"छोटा. आता एंटर. पहिला आकडा वाचा."

"तेरा लाख दहा हजार सातशे वीस. मग तेवढेच. मग शून्य. मग शंभर टक्के."

मिळाला चोर. ज्यांनी आयनोड हा शब्द ऐकला नसेल त्यांना अण्णांना सांगितलं तसंच सांगते. डिस्क म्हणजे जमीन, आणि प्रत्येक फाईलचा एक सातबारा असतो: मालक कोण, आकार किती, डिस्कवर तुकडे कुठे कुठे. तो सातबारा म्हणजे आयनोड. ext४ मध्ये या सातबाऱ्यांची वही फॉरमॅट करतानाच बांधून मिळते, साधारण दर १६ केबीमागे एक पान. २० जीबीला १३,१०,७२० पानं. पानं संपली की जमीन पडीक असली तरी नवा दाखला निघत नाही. फाईलसिस्टीमच मोठी केल्याशिवाय वही वाढत नाही. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या दुसऱ्या फाईलसिस्टीम पानं लागतील तशी जोडतात, त्यांना हा त्रास सहसा होत नाही. आणि जमीन संपो की वही, लिनक्स चूक एकच दाखवतं.

"मग कोणी खाल्ली पानं?" अण्णा.

ते शोधायला डीयू या फोल्डर मोजणाऱ्या आज्ञेला आयनोड मोजायला लावायचं आणि यादी लहानाकडून मोठ्याकडे लावून शेवटच्या ओळी पाहायच्या. फोनवर हे सांगायला पंधरा मिनिटं गेली. पाइपचं चिन्ह म्हणजे 'उभी काडी, एंटरच्या वरची, शिफ्ट दाबून'. रूटचे अधिकार देणाऱ्या सुडोने पासवर्ड मागितला तर अण्णा म्हणाले, "कीबोर्ड गेला, काहीच उमटेना." तो उमटतच नाही, टाका तसाच, असं तीनदा सांगावं लागलं.

शेवटी त्यांनी एका फोल्डरचं नाव वाचलं: 'टिंब चाचणी'. समोरचा आकडा, आठ लाख साठ हजारांच्या वर.

मी गप्पच झाले. ते फोल्डर माझं होतं. यंत्र लावलं त्या दिवशी क्रॉनमध्ये एक ओळ चाचणीसाठी लिहिली होती, दर मिनिटाला डब्ल्यूगेट या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमने आकडे आणायची. फाईलचं नाव ठरवून दिलं नाही तर डब्ल्यूगेट जुनी फाईल पुसत नाही. नावापुढे १, २, ३ लावत नवी करत जातो. मग दुसरी, नीट ओळ लिहिली आणि पहिली काढायची राहिली. दिवसाला १,४४० फायली, सुमारे वीस महिने, मधले लाइट गेल्याचे तास वजा. फायली एवढ्याशा, म्हणून डिस्क भरलीच नाही. नाव टिंबाने सुरू, म्हणून कोणाला दिसलं नाही. पानं संपल्यावर डब्ल्यूगेट दर मिनिटाला रडत होता, ते रडणं क्रॉन मेलने कळवू पाहत होता आणि मेल नाही म्हणून फेकून देत होता. मी सोडवलेल्या अडीचशे-तीनशे जागाही मिनिटाला एक अशा चार-पाच तासांत खाऊन झाल्या होत्या.

आधी क्रॉनची ओळ बंद करायला गेलो तर तेही जमेना. क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनच्या ओळींची यादी, उघडायलाच एक तात्पुरती फाईल लागते. म्हणजे आधी सफाई. आरएम (पुसा) आणि तारा (सगळं) म्हटलं तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग', एवढी नावं एका आज्ञेत मावत नाहीत. राहिला फायली शोधणारा फाइंड आणि त्याचा डिलीट. हा मात्र धारदार कोयता: फोल्डर चुकलं, किंवा डिलीट शब्द नावाच्या अटीच्या आधी आला, तर अण्णांच्या नोंदीसकट सगळं साफ. म्हणून पीडब्ल्यूडी मारून "कुठे उभे आहात ते वाचा" म्हटलं, आणि एंटरच्या आधी पूर्ण ओळ तीनदा वाचून घेतली, एकेक अक्षर.

जुनी फिरती डिस्क, वीसेक मिनिटं काहीच हललं नाही. फोन चालूच. तेवढ्यात छाटणीच्या मजुरांनी यंदा काय भाव मागितलाय, शेजारच्या प्लॉटला पेस्ट कधी लावली, सगळं ऐकून झालं. मग नॅनो या एडिटरमध्ये क्रॉनची ती ओळ पुढे हॅशचं (#) चिन्ह लावून बंद केली आणि डीएफ डॅश आय पुन्हा.

"पस्तीस टक्के," अण्णा म्हणाले. लॉगिन केलं, नोंदी उघडल्या. "रात्री साडेअकरापासून पान ओलंच आहे गं. ठेव फोन, पंप जोडायला सांगतो."