दोन पट्टे की तीन?

सोलापुरात काचेच्या टाक्या बनवण्याच्या धंद्यात मला २१ वर्षं झाली. बहुतेक काम माशांच्या टाक्यांचं. दवाखान्यासाठी, हॉटेलसाठी, जुळे सोलापुरातल्या नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी. सापासाठी टाकी मागणारा पहिला माणूस गेल्या वर्षी जूनमध्ये आला. पंचविशीतला मुलगा. घरचे टॉवेलचे लूम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, घर अशोक चौकाच्या पुढे. मोबाईलमध्ये फोटो दाखवत म्हणाला, "काका, गार्टर स्नेक. अमेरिकेचा असतो, बिनविषारी. अर्धी जमीन, अर्धं पाणी अशी टाकी पाहिजे."

मी आधी कायद्याचं विचारलं. आपल्याकडचा साप घरात ठेवता येत नाही, एवढं मला माहीत होतं. तो म्हणाला, हा परदेशी आहे, तिकडे पिंजऱ्यातच जन्मलेला, विकणाऱ्यानं तसा कागद दिलाय. कागद मी पाहिला. इंग्रजीत छापलेला, खाली शिक्का. मी समाधान मानलं. ती चूक माझी होती. माझं सगळं लक्ष टाकीकडे गेलं होतं, कारण तसलं काम मी कधी केलं नव्हतं आणि मला ते मनापासून करायचं होतं.

चार-पाच रात्री मी नुसता वाचत होतो. गार्टर हे नावच पट्ट्यावरून पडलंय. मोजे घसरू नयेत म्हणून पूर्वी पायाला जी पट्टी बांधत, तिच्यावरून. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या ठिकाणी थंडी संपली की जमिनीखालच्या कपारींतून हे साप हजारोंनी एकदम वर येतात. हिवाळाभर बर्फाखाली निजणारा हा जीव. सोलापूरच्या ४३ अंशांत तो कसा राहणार, हा प्रश्न मला पहिल्या रात्रीच पडला. मुलाला विचारलं तर म्हणाला, खोलीला एसी आहे, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर.

जमीन-पाण्याच्या टाकीत लोक एक गोष्ट हमखास चुकतात. पाण्याजवळ राहणारा साप म्हणून सगळी टाकीच ओली ठेवतात. गार्टरला पोहायला पाणी लागतं, पण निजायला कोरडी जमीन लागते. माती सतत ओली राहिली की त्याच्या अंगावर, पोटाकडच्या खवल्यांवर पाण्याचे फोड येतात आणि ते चिघळले की साप दगावतो. म्हणजे पाण्याचा एक थेंबही झिरपून मातीत यायला नको. माशांच्या टाकीला मी पाणी बाहेर येऊ नये म्हणून जपतो. इथं ते आतल्या आत थोपवायचं होतं.

टाकी केली ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच ६ मिलिमीटरची, तळाला ८ मिलिमीटर. एका टोकापासून १६ इंचांवर ६ इंच उंचीची आडवी काच उभी केली. तिच्या दोन्ही अंगांना सिलिकॉनचा जाड थर दिला, कारण एका बाजूनं पाण्याचा दाब आणि दुसऱ्या बाजूनं मातीचा. सिलिकॉनला तीन दिवस हात लावला नाही. त्याचा व्हिनेगरसारखा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत कुठलाही जीव आत सोडायचा नाही, हा माझा नियम आहे. मग पाण्याच्या भागात पाणी भरून, कोरड्या भागात वर्तमानपत्र पसरून एक रात्र ठेवलं. सकाळी कागद खडखडीत कोरडा. त्या वेळचा आनंद या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

पाणी ५ इंच म्हटलं तरी २३-२४ लिटर होतं. साप पाण्यातच घाण करतो, त्यामुळे स्पंजचा फिल्टर असला तरी पाणी सारखं बदलावं लागतं. आमच्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. बादल्यांनी उपसायचं आणि सांडायचं हे इथं परवडत नाही. म्हणून बाजूच्या काचेला तळाजवळ भोक पाडून नळ बसवला, आतून बारीक जाळी. पाइप लावला की ते पाणी सरळ कुंड्यांना. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, सोलापूरनं शिकवलेलं होतं.

पाण्यातून वर यायला शहाबादी फरशीचा तुकडा खडबडीत बाजू वर करून उतारासारखा लावला. कडा घासून बोथट केल्या आणि फरशी सिलिकॉननं पक्की केली. नुसती टेकवली असती तर एखाद्या दिवशी घसरून सापाला चिरडलं असतं. जमिनीच्या भागात तळाला गोटे, त्यावर जाळी, वर कोकोपीट आणि वाळलेली पानं. लपायला दोन जागा, एक उबेच्या टोकाला आणि एक गार टोकाला. उबेची जागा ३० अंशांच्या आसपास, दुसरं टोक २२ ते २४. दिवा जाळीच्या बाहेरून, म्हणजे अंग भाजत नाही. झाकणावर मात्र मी दोन दिवस घालवले. एवढा बारीक साप डोकं मावेल तिथून निघून जातो. वायरसाठी भोक होतं, त्यालाही घट्ट रबरी बूच बसवलं.

खाण्याचंही मी त्याला लिहून दिलं. गोल्डफिश देऊ नको, त्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं, सतत खाल्ला तर सापाला झटके येतात. त्यापेक्षा गप्पी बरे. गांडूळ द्यायचे तर शेतातले. गांडूळखताच्या वाफ्यातले लाल गांडूळ नाहीत, ते या सापांना बाधतात. एवढं सगळं मी केलं, पण साप एकदा डोळ्यांनी पाहावा हे काही सुचलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टाकी पोचवायला गेलो. सकाळी पाऊस होऊन गेला होता. रिकामी टाकीच ३० किलोच्या वर, म्हणून दुकानातला पोरगा सोबत. तो मंगळवेढ्याकडचा, १९ वर्षांचा, ज्वारीच्या रानात वाढलेला. मला मामा म्हणतो.

टाकी स्टँडवर ठेवली, पातळी तपासली, माती भरली, पाणी सोडलं. मग त्या मुलानं प्लास्टिकचा डबा आणला. झाकणाला बारीक भोकं, आत ओलं शेवाळ. तीन साप, प्रत्येकी नऊ हजारांना घेतलेले, कुठून तरी पार्सलनं आलेले. "काका, सहा दिवस झाले, गप्पीला तोंडच लावत नाहीत," तो काळजीनं म्हणाला.

माझा पोरगा वाकून बघत होता. तो म्हणाला, "मामा, ही नानेटी हाय."

खोलीत कुणी काही बोललं नाही. "आमच्या हिरीजवळच्या गवतात पावसाळ्यात लई असत्यात. बेडकं खात्यात. काय करत न्हाईत बिचाऱ्या."

मी मोबाईलची बॅटरी लावली आणि मुलाला म्हणालो, विकणाऱ्यानं पाठवलेला फोटो काढ. फोन डब्याशेजारी धरला. फोटोतल्या सापाच्या पाठीच्या बरोब्बर मधोमध एक फिकट पिवळी रेघ होती आणि दोन्ही बगलांना एकेक. तीन रेघा. डब्यातल्या सापांना दोनच पट्टे होते, पाठीच्या मध्यापासून थोडे बाजूला, आणि त्यांना छेदत जाणारे गडद आडवे ठिपके. मधली रेघ नव्हती. एकीनं घाबरून मान चपटी केली, तसा खवल्यांच्या मधला निळसर रंग दिसला. फोटो खऱ्या गार्टरचा होता, साप आपल्याकडचे होते. फसगत कशी झाली हेही मला कळलं. दोन्ही साप एकाच उपकुळातले, दोन्हींचे खवले खरखरीत, दोन्ही अंगावर लांब पट्टे मिरवणारे. फरक माहीत नसेल तर कुणीही फसेल.

मुलगा ऐकेना. "काका, कागद आहे ना. जात वेगळी असेल. तीनच्या जागी दोन पट्टेवाली." त्याचा आवाज कापत होता. सत्तावीस हजार गेले याचं दुःख असेल, पण सहा दिवस तो त्या सापांसाठी जागला होता, हेही खरं. मी त्याच्यावर ओरडलो नाही.

मग शेवाळ जरा बाजूला केलं आणि कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसलं. अंगठ्याच्या पेराएवढी, लांबट, मऊ कवचाची सात अंडी. मुलाला वाटलं होतं, बुरशीचे गोळे आहेत. तो ते संध्याकाळी काढून टाकणार होता.

गार्टर अंडी घालत नाही. तो जिवंत पिल्लांना जन्म देतो. नानेटी मात्र अंडी घालते, आणि मादी अंड्यांजवळ बसून राहते असंही पाहिलं गेलंय. ही बिचारी डब्यातल्या कोपऱ्यात तेच करत होती. मी हे सांगितलं तसा मुलगा खाली बसला. "म्हणजे कुणीतरी हिला रानातून उचलून मला विकली," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यानं एकदाही वाद घातला नाही.

माझ्या ओळखीचे एक सर्पमित्र आहेत, त्यांना फोन लावला. त्यांनी पहिलं सांगितलं, अंडी फिरवू नका, हलवू नका. आणि आधी १९२६ वर फोन करा, वनविभागाला कळवल्याशिवाय कुणीही सापाला हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आपल्याकडचे साप धरणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं त्यात गुन्हा आहे. मुलाचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "काका, गुपचूप तळ्यावर सोडून येऊ का?" खरं सांगतो, क्षणभर मलाही ते सोपं वाटलं. पण साप कुठल्या रानातले, किती अशक्त, कुणाला माहीत नव्हतं. अंड्यांचं काय करणार होतो? आणि विकणारा तर मोकळाच राहिला असता. मी म्हणालो, फोन तू कर, मी इथून हलत नाही.

दोन अडीच तासांनी वनरक्षक आणि वनपाल आले, मागोमाग सर्पमित्र. त्यांनी साप पाहताक्षणी ओळखले. पंचनामा झाला, माझाही जबाब झाला. मुलानं विकणाऱ्याशी झालेलं सगळं संभाषण, पैसे पाठवल्याची नोंद, तो कागद, सगळं स्वतःहून पुढे ठेवलं. त्याची आजी तोवर आतून आली होती. तिला खोलीत मासे येणार एवढंच माहीत होतं. सगळं ऐकून ती वनपालांना म्हणाली, "साहेब, पोरगं वाईट नाही ओ. त्याला लहानपणापासून जनावरांचं वेड आहे." आणि सगळ्यांना चहा आणायला गेली. वनपालांनी मुलाला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. कार्यालयात दोनदा यावं लागेल म्हणाले, तो गेला.

सर्पमित्रांनी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं हलकी खूण केली आणि त्याच बाजूनं, जराही न फिरवता, दमट कोकोपीटच्या डब्यात ठेवली. अंड्याच्या आत जीव एका जागी चिकटलेला असतो, उलटं झालं तर गुदमरतो, असं ते सांगत होते. कोकोपीट मी आणलेलंच होतं. टाकीसाठी आणलेलं, पण कामाला असं आलं.

तिन्ही नानेटी पशुवैद्यांनी तपासून त्याच आठवड्यात सोडल्या. कुठे, ते आम्हाला सांगितलं नाही आणि ते बरोबरच आहे. कडक उन्हाळ्यात बिळात दडून राहणारे आणि पहिल्या पावसाला बाहेर पडणारे हे साप, त्यांचा वर्षातला तोच तर मोसम. ऑगस्टच्या शेवटी सर्पमित्रांनी व्हिडिओ पाठवला. सातांतली पाच अंडी फुटली होती. पिल्लं बुटाच्या लेसएवढी बारीक, आणि जन्मतःच पाठीवर दोन पट्टे. दुकानातल्या पोरानं तो व्हिडिओ गावाकडे सगळ्यांना पाठवला.

विकणाऱ्याचा नंबर दुसऱ्याच दिवशी बंद झाला. पुढं काही कळलेलं नाही. असे किती डबे त्यानं पाठवले असतील, या विचारानं मला अजून अस्वस्थ वाटतं.

टाकी मुलाकडेच आहे. पैसे परत देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. दिवा काढून तिथं झाडांसाठीचा लाईट लावून दिला. पाण्यात गप्पी, जमिनीवर नेचे आणि सिंगोनियम. नळ उत्तम चालतो.

दुकानातल्या ऑर्डरच्या वहीत आता एक रकाना वाढवलाय. माशांव्यतिरिक्त कुठलाही जीव असेल तर माप घेण्याआधी तो जीव पाहायचा, निदान समोर काढलेला फोटो तरी. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले, कासवासाठी टाकी पाहिजे म्हणाले, मुलीच्या वाढदिवसाला द्यायची. फोटो मागितला. पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्यावरून पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फुटलेल्या. तारा कासव. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वहीच्या मागच्या पानावर १९२६ लिहून ते पान फाडून हातात ठेवलं. ते तिथंच बसून नंबर लावायला लागले.