‘द विलोज’चं मराठी: झाडावर अडलो, सर्वनामात बुडालो

इंग्रज लेखक अल्जर्नन ब्लॅकवुडच्या ‘द विलोज’ या भयकथेच्या अनुवादाचा कच्चा खर्डा काल निम्म्यावर आला. कथा १९०७ ची. ब्लॅकवुड १९५१ मध्ये गेला, म्हणजे आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या हिशेबाने २०१२ पासून ती मोकळी. मूळ मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: निवेदक आणि त्याचा स्वीडिश मित्र कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, घेऊन पुराच्या डॅन्यूब नदीतून निघालेत. व्हिएन्ना मागे पडलंय, बुडापेस्ट अजून लांब. विलोच्या झुडपांनी भरलेल्या एका वाळूच्या बेटावर ते तंबू ठोकतात आणि रात्रीत बेट झिजायला लागतं.

पहिला महिना शीर्षकातच गेला. आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज हा विलोचाच भाऊबंद. पण तो चांगला झाड होतो, कथेतली नुसती झुडपं. शिवाय ‘वाळुंज’ म्हटलं की मित्राला एमआयडीसीच आठवली! तरी मी तेच ठेवलंय. शब्दात वाळू आहे, ती सोडवेना.

वल्ह्याचा प्रसंग मात्र एका बैठकीत उतरला. सकाळी उठून बघतात तर एक वल्हं गायब, कनूच्या बुडाला चीर, आणि उरलेलं वल्हं कुणीतरी पॉलिशपेपरने घासावं तसं पातळ झालेलं. इथे भुताचं नावही नाही, नुसती सुतारकी. म्हणूनच अंगावर येतं.

खरी गोची ‘दे’ची (they), म्हणजे बेटावर जाणवणाऱ्या अदृश्य शक्तींसाठीच्या सर्वनामाची. तो स्वीडिश सोबती म्हणतो, त्यांचं नाव घेऊ नकोस, त्यांचा विचारसुद्धा करू नकोस. इंग्रजीत ‘दे’ म्हटलं की भागतं. मराठीत ‘ते’ म्हटलं की पुरुष उभे राहतात, ‘त्या’ म्हटलं की हडळी. ‘बाहेरचं’ हा शब्द अर्थाने अगदी चपखल, कारण कथेतलं ते खरोखर आपल्या जगाबाहेरचंच आहे. पण मागोमाग मांत्रिक आणि लिंबू येतात, म्हणून खोडला. मग आजी आठवली. रात्री सापाला साप न म्हणता ती ‘लांबडं’ म्हणायची. नपुंसकलिंगी, एकवचनी, बिननावाचं. आता माझा स्वीडिश गडी ‘ते आलंय’ म्हणतो. अनेकवचन गेलं, याची चुटपुट आहेच.

पुढचा अडसर आवाजाचा. मूळात बेटावर ऐकू येणारा, गाँगसारखा म्हणजे टांगलेल्या धातूच्या तबकडीसारखा नाद आहे. ‘घंटा’ लिहिली की देऊळ येतं, ‘टोल’ लिहिला की शाळा सुटते. सध्या काशाच्या थाळीवर टोला मारून, मागे उरणारी घुमघुम ऐकत बसलोय. घरच्यांनी थाळी परत मागितली आहे.