आधी जागा, मग रोप

वडिलांनी १९९४ साली भोर रस्त्याला पाऊण एकरात रोपवाटिका टाकली. गुलाब, एक्झोरा, क्रोटन आणि कुंपणाला लावायचा अशोक, एवढाच माल. २००८ मध्ये कारभार माझ्याकडे आला. त्याच पावसाळ्यात गावातले एक वैद्य अशोकाचं रोप न्यायला आले. रांगेतली उंच, सरळसोट रोपं बघून म्हणाले, "पोरी, हा आसुपालव. मला सीतेचा अशोक हवाय."

चौदा वर्षं आम्ही अशोक म्हणून जे विकत होतो तो अशोकच नव्हता. ज्याच्या केशरी फुलांचे गुच्छ थेट फांदीवर येतात, ज्याची साल अशोकारिष्टात जाते आणि त्या सालीपायीच जो जंगलातून कमी होत चाललाय, तो खरा अशोक मी तोवर पाहिलाही नव्हता. त्याचं बी शोधायला पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांत गेले, ती अजून जातेच आहे.

देशी झाडांचं बी दुकानात पुडीत मिळत नाही, स्वतः वेचावं लागतं. आम्ही वेचतो ते रस्त्याकडेच्या आणि बांधावरच्या झाडांखालचं, तेही खारी-पाखरांचा वाटा सोडून. देवराईतून काही आणत नाही. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही हा जुना रिवाज आहे, आणि त्या रिवाजानंच ती झाडं टिकली. जांभळाचं बी ताजंच पेरावं लागतं. पंधरवडाभर ठेवलं की उगवण झपाट्यानं घटते. म्हणून जूनमध्ये आमच्याकडे सगळ्यांची बोटं जांभळी असतात. हिरड्यानं मात्र फार दमवलं. पहिल्या वर्षी सहाशे फळं पेरली, नऊ उगवली. पुढच्या वर्षी गर कुजवून आठळ्या मोकळ्या केल्या, शेणकाल्यात भिजवल्या, आणि वाफ्यावर पाचट टाकून वाट बघत बसलो. अडीच महिन्यांनी एका आठळीला उभी चीर पडलेली दिसली आणि आतून पांढरा कोंब डोकावत होता. वडिलांना हाक मारून आणलं, त्यांनी गुडघ्यावर बसून तो बघितला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते. २०१२ मध्ये एका कंपनीकडून पाच हजार रोपांची मागणी आली, पुरंदर तालुक्यातल्या एका उघड्या टेकडीसाठी. आमची तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. वड, करंज, कडुनिंब, अर्जुन, सगळी देशी रोपं दिली आणि पुण्यकर्म केलं असं समजून घरी आले. जागा बघायला गेले नव्हते. दीड वर्षानं गेले तेव्हा जेसीबीनं काढलेल्या खड्ड्यांत वाळक्या काड्या उभ्या होत्या आणि उपसलेल्या मातीवर कॉसमॉस आणि घाणेरी माजली होती. मेंढरं घेऊन एक धनगर बाबा आले. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं, पण शांतपणे म्हणाले, "ताई, पवना गवत होतं इथं. दिवाळीपातूर माझी मेंढरं इथनं उठत नव्हती."

सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराब, म्हणजे न पिकणारी, म्हणतात. झाड नाही म्हणजे जमीन उजाड, हे आपल्या मनात पक्कं बसलंय, माझ्याही होतं. पण पवना, मारवेल, कुसळी या गवतांचं माळरान हा स्वतंत्र अधिवास आहे. तिथं लांडगा राहतो, धाविक आणि चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य असल्याच माळावर, चिंकाऱ्यासाठी राखलेलं आहे. कास पठाराला कुणी उजाड म्हणतं का? कातळावरच्या पातळशा मातीत तिथं मोठं झाड उभं राहत नाही, म्हणूनच ती फुलं आहेत. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा झाली, त्यात कास आहे. नेमक्या त्याच वर्षी मी माळावर वड पाठवत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून जागा पाहिल्याशिवाय पन्नासच्या वर रोपं देत नाही. माळ असेल तर नाही म्हणते. पहिली दोन वर्षं याचा फटका बसला, पगार उशिरा झाले. एका गिऱ्हाइकानं तर तोंडावर सांगितलं की झाडं विकणाऱ्या बाईनं झाडांना विरोध करू नये. पण काम दुसरीकडून आलं. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ हवं असतं, कारण मुळं धरतात आणि काठ खचत नाही. वाळुंजाचा तर नुसता फाटा ओल्या काठात रोवला तरी फुटतो. माकडलिंबाची रोपं आम्ही आता फवारत नाही. त्यांची पानं राज्यफुलपाखराच्या, राणी पाकोळीच्या अळ्या खातात. खाल्लेल्या पानांची रोपं तशीच ठेवतो आणि गिऱ्हाइकाला कारण सांगतो. बहुतेक जण तीच मागून नेतात.

त्या टेकडीचं काम मात्र आम्ही स्वखर्चानं परत हाती घेतलं. दरवर्षी घाणेरी मुळापासून उपटायची, खड्डे बुजवायचे, आणि कार्तिकात जमवलेलं पवन्याचं बी पहिल्या पावसावर फेकायचं. बी ओळखायला त्या बाबांनीच शिकवलं. हल्ली ते आणि त्यांची सून आम्हाला गवताचं बी विकतात. गेल्या आषाढात आम्ही चौघं पोतं घेऊन चढत होतो. पुढं असलेली सूनबाई थबकली आणि हात मागं करून आम्हाला थांबवलं. बुजवलेल्या एका खड्ड्याच्या कडेला पवन्याचा ठोंब, त्याच्या बुडाशी तळहाताएवढी वाटी, आणि वाटीत तपकिरी ठिपक्यांची तीन अंडी. चंडोल वरच कुठंतरी गात होता. पोतं तसंच उचललं आणि आल्या वाटेनं खाली उतरलो.