तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सांभाळून हवाई दलात जाता येते का?

हवाई दलातून निवृत्त होऊन सोलापुरात परतल्यापासून मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. टेरिटोरियल आर्मी असते तसे हवाई दलाचे काही असते का, म्हणजे आठवडाभर बँकेत किंवा चिंचोळी एमआयडीसीत काम करावे आणि सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवून विमानापाशी हजर व्हावे, असे? विचारणारे बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे असतात आणि सचिन तेंडुलकरचे उदाहरण हमखास देतात. सचिनला २०१० साली मिळालेले ग्रुप कॅप्टन हे पद मानद आहे. तो देशाने केलेला गौरव आहे. त्यातून विमान उडवण्याची वा सांभाळण्याची जबाबदारी येत नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर असे की आज भारतात तशी सोय नाही, पण तसा कायदा मात्र आहे. १९५२ च्या राखीव आणि सहाय्यक हवाई दल कायद्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: नियमित सेवा संपवून बाहेर पडलेल्यांचे राखीव दल, विमानविद्या अवगत असलेल्या नागरिकांचे हवाई संरक्षण राखीव दल, आणि नागरी व्यवसाय करता करता सेवा देणाऱ्यांचे सहाय्यक हवाई दल. त्यानुसार त्या दशकात मुंबईसह काही मोठ्या शहरांत सहाय्यक पथके उभी राहिली आणि हार्वर्ड जातीच्या प्रशिक्षण विमानांवर त्यांचा सराव चालत असे. पुढे नियमित हवाई दलाचा विस्तार झाला आणि ही पथके मागे पडली. याची मला मनापासून खंत वाटते.

काही देशांत राखीव हवाई कमांड, म्हणजे सगळी राखीव पथके एका छत्राखाली चालवणारी मोठी संघटना, असते. ती म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली जुनी विमाने आणि निवृत्त माणसे, अशी अनेकांची समजूत असते. खरे तर अशा कमांडचे मुख्य काम सराव जिवंत ठेवणे हे आहे. आपल्या सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज पेलणारे मानकरी वर्षभर आपापल्या उद्योगात असतात, परंतु संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून त्यांचा सराव सुरू होतो, कारण तो उंच ध्वज ऐन दिवशी नुसत्या श्रद्धेने तोलता येत नाही. विमानाचेही तसेच आहे. फरक इतकाच की इथे सराव वैमानिकाइतकाच जमिनीवरच्या तंत्रज्ञालाही लागतो, आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात तो तंत्रज्ञ सहसा नसतोच.

मी स्वतः त्या बाजूचा माणूस असल्यामुळे हे थोडे विस्ताराने सांगतो. आमच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये प्रत्येक पान्याच्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराची खाच कोरलेली असते. काम संपल्यावर एक जरी खाच रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही, कारण इंजिनाच्या तोंडाशी विसरलेला वीतभर पानासुद्धा इंजिनाची पाती तोडायला पुरेसा असतो. त्यानंतर फॉर्म ७०० वर, म्हणजे त्या विमानाच्या देखभाल नोंदवहीत, काम करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही होते आणि त्या सह्यांच्या भरवशावर वैमानिक विमान ताब्यात घेतो. महिनोन्महिने विमानाला हात न लावलेल्या माणसाला ही सही करू द्यायची का, हा राखीव हवाई दलापुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. पायदळाच्या राखीव तुकडीपुढे तो इतक्या तीव्रतेने उभा राहत नाही.

अमेरिकेने या प्रश्नाला संघटनेतून उत्तर दिले. तिथले एअर फोर्स रिझर्व्ह कमांड १९९७ पासून हवाई दलातील एक प्रमुख कमांड म्हणून गणले जाते. त्याचे मुख्यालय जॉर्जियातील रॉबिन्स तळावर आहे, त्याच्याखाली कॅलिफोर्निया, टेक्सास आणि जॉर्जिया इथून चालणारी तीन क्रमांकित हवाई दले (क्रमांकाने ओळखले जाणारे मोठे विभाग) आहेत आणि त्यांच्या हाताखाली विंग, म्हणजे पथकांचे गट, आणि स्क्वाड्रन, म्हणजे एकेक पथक, येतात. साधारण राखीव सैनिक महिन्याला एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी दोन आठवडे हजेरी देतो. वैमानिकांना तेवढे पुरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी जादा उड्डाणांची तरतूद आहे. मात्र या रचनेचा कणा वेगळाच आहे. प्रत्येक पथकात काही माणसे आठवडाभर त्याच तळावर पगारी नागरी कर्मचारी म्हणून काम करतात आणि त्याच पथकाचे राखीव सैनिकही असतात. यंत्रांची नाडी त्यांच्या हाताखालून कधी सुटत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्याच्या कामावर देखरेख करायला जाणता माणूस जागेवर असतो. दुसरी युक्ती १९६८ पासूनची आहे: राखीव पथकाला स्वतंत्र विमाने न देता नियमित पथकाचीच विमाने दोघांनी मिळून उडवायची आणि सांभाळायची. त्यामुळे विमाने नवी राहतात, खर्च वाचतो आणि दोन्हीकडची माणसे एकाच पद्धतीने घडतात.

हे दल युद्धाची वाट पाहत बसत नाही. मिसिसिपीतील कीस्लर तळावरचे ५३ वे हवामान टेहळणी स्क्वाड्रन हे राखीव दलाचेच असून ते सी-१३० जातीची मालवाहू बांधणीची विमाने घेऊन थेट चक्रीवादळाच्या केंद्रात शिरते आणि तिथला वायुदाब व वाऱ्याचा वेग मोजून आणते. ओहायोतील एक विंग डासांच्या बंदोबस्तासाठी विमानातून फवारणी करते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा-मोहोळकडची गावे वेढली गेलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना संकटकाळी सज्ज हवाई पथक हाताशी असण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

ब्रिटनचा अनुभव दोन्ही अंगांनी शिकवणारा आहे. १९२४ मध्ये तिथे सुरू झालेल्या सहाय्यक हवाई दलात वकील, व्यापारी, कारखानदार सुट्टीच्या दिवशी उडत. १६ ऑक्टोबर १९३९ रोजी ब्रिटनवर आलेली पहिली जर्मन विमाने पाडली ती त्यांच्याच ग्लासगो आणि एडिंबराच्या पथकांनी. तरीही १९५७ मध्ये त्यांची उडणारी पथके बरखास्त झाली. जेट विमाने महाग आणि गुंतागुंतीची होत गेली, आणि त्यांना लागणारा सराव सुट्टीच्या दिवसांत बसवणे कठीण झाले होते.

म्हणूनच आपल्याकडे सहाय्यक दल पुन्हा उभे करायचे असेल, तर लढाऊ विमानांच्या नादी न लागता मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्यापासून, आणि वैमानिकांच्या आधी तंत्रज्ञांपासून सुरुवात व्हावी, असे माझे ठाम मत आहे. पुण्याला लोहगावचा तळ आहे, ओझरला दुरुस्तीचा डेपो आहे, आणि हवाई दलातून बाहेर पडलेले, अजून हात चालणारे तंत्रज्ञ महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. यातल्या कित्येकांना बोलावणे आले तर ते पहाटेच्या गाडीने निघतील.

तोवर, ज्यांना नोकरी सोडायची नाही त्यांनी टेरिटोरियल आर्मीच्या भरतीकडे लक्ष ठेवावे; ते भूदलाचे काम आहे, हे समजून अर्ज करावा. ज्यांना विमानच हवे आहे आणि वय अजून चोविशीच्या आत आहे, त्यांनी वर्षातून दोनदा होणाऱ्या एएफकॅटची, म्हणजे हवाई दलात अधिकारी होण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करावी. त्यातून उड्डाण शाखेत मिळणारी अल्पसेवा (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची अधिकारीपदाची नेमणूक) १४ वर्षांची असते आणि ती पूर्ण वेळेची असते.