जळगावच्या उन्हाळ्यात बेट्टाची टाकी

दुकानात बेट्टा (फायटर) मासा डबीत दिसतो, म्हणून घरीही तेवढ्याच पाण्यात ठेवू नका. तो वरची हवा घेऊ शकतो, पण माशाच्या घाणीतून पाण्यात साचलेला विषारी अमोनिया त्याचेही कल्ले जाळतो. निदान 20 लिटरची टाकी घ्या. वर 4-5 सेंटिमीटर जागा मोकळी सोडा आणि झाकण ठेवाच, हा मासा उडी मारतो.

फिल्टर स्पंजचा, हवा मंद. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं, म्हणून नळीत चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा. मासा आणण्याआधी चिमूटभर खाद्य टाकत टाकी 4 ते 6 आठवडे चालवा, म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये वाढतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की मगच मासा सोडा.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. बेट्टाला 24 ते 28 अंश हवेत आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45च्या आसपास जातो. बर्फ टाकू नका, तापमान एकदम पडून मासा आजारी पडतो. जाळीचं झाकण लावून पाण्यावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. खोलीत कूलर असेल तर दमट हवेमुळे हा फायदा कमी होतो. आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच घाला, बोअरच्या पाण्याने क्षार वाढत जातात.

आठवड्याला पाव पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, म्हणजे त्यातले जिवाणू टिकतात. धुळ्याच्या थंडीत मात्र 25 ते 50 वॅटचा हीटर लागतोच.